शेपूट वळवायचं नाही

आमच्या शाळेच्या लोखंडी कपाटात एक कागद आहे. त्यावर चार ओळी टाइप केलेल्या आहेत आणि खाली माझ्या सहीसाठी जागा सोडलेली आहे. ती जागा मोकळीच आहे आणि मोकळीच राहणार आहे. चार ओळींतली तिसरी ओळ अशी: ‘यापुढे मी पाठ्यपुस्तकाबाहेरचे काहीही शिकवणार नाही.’

गंगाखेड तालुक्यातल्या डोंगराकडच्या एका गावात जिल्हा परिषदेची चौथीपर्यंतची शाळा आहे. तिथं आम्ही दोघं शिकवतो, मी आणि हेडसर. मी शिक्षणसेवक म्हणून लागले. म्हणजे तीन वर्षं काम नीट केलं आणि मुख्याध्यापकांचा शेरा चांगला आला, तरच कायम व्हायचं. हे सगळं घडलं तेव्हा माझी तीन वर्षं पुरी व्हायला चार महिने उरले होते. आमच्या घरात माझ्याआधी कुणी कॉलेजचं दार पाहिलेलं नाही. आई राणीसावरगावच्या बाजूला एका शाळेत खिचडी शिजवायची. मी पदवीचं प्रमाणपत्र घरी आणलं तेव्हा तिनं हात धुऊन, पदराला पुसून, मगच ते हातात घेतलं. त्यामुळे नोकरी म्हणजे काय, हे मला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती.

डायनासोर आमच्या शाळेत आले ते जेसीबीच्या पाठोपाठ. दुसरीच्या वर्गात मी विचारलं होतं, “सगळ्यात मोठं जनावर कोणतं?” कुणी हत्ती म्हणालं, कुणी उंट. मागून एकजण ओरडला, “जेसीबी!” त्या आठवड्यात शाळेशेजारी नालीचं काम चालू होतं आणि अख्खा वर्ग खिडकीत लटकलेला असायचा. पोरं हसली. मी म्हणाले, “जेसीबीपेक्षाही मोठं एक जनावर होतं. त्यानं नुसती मान वर केली असती तर आपल्या टाकीतलं पाणी प्यायलं असतं.”

वर्ग एकदम गप्प झाला. गणिताला असा कधी गप्प होत नाही.

तेव्हापासून शनिवारचा शेवटचा तास डायनासोरचा झाला. चारही वर्ग एकत्र बसायचे. मी गोष्ट सांगायची आणि मुलांनी ती काढायची. माझ्या गोष्टीतली जनावरं गंगेच्या, म्हणजे आमच्या गोदावरीच्या, गाळात रुतायची, डोंगरावरून घसरायची, पिल्लांना हाका मारायची. खरी माहिती मी गोष्टीच्या आत घालून द्यायची, आई ज्वारीच्या भाकरीत मेथी घालते तशी. कोण पाला खायचं, कोण मांस खायचं, अंडी कशी असायची. दोन तासांत मुलांनी त्यांची आपल्या पद्धतीनं विभागणी केली: लांब मानेचे ते माळकरी आणि मोठ्या दातांचे ते बिनमाळेचे. ही विभागणी मी बदलली नाही. शास्त्रज्ञांच्या विभागणीपेक्षा ती लक्षात ठेवायला सोपी होती.

चित्रं पाहून मला हसू यायचं आणि अभिमानही वाटायचा. जवळजवळ प्रत्येक डायनासोरला वशिंड होतं. काहींच्या पाठीवर झूल, गळ्यात घागरमाळ. पहिलीतल्या एकानं भल्या मोठ्या दातांच्या डायनासोरला नाकात वेसण घातली होती. “ही कशाला रे?” मी विचारलं. तो म्हणाला, “मंग धरायचं कसं म्याडम त्याला?” या मुलांनी आयुष्यात जवळून पाहिलेलं सगळ्यात मोठं जिवंत शरीर बैलाचं. ते तिथूनच सुरुवात करणार. मीही तिथूनच केली होती.

एका शनिवारी आम्ही मैदानावर फक्की टाकून खरोखरीच्या मापाचा डायनासोर काढला. फक्की म्हणजे कबड्डीच्या रेषा आखायची पांढरी भुकटी, पंधरा ऑगस्टची उरलेली. माप घ्यायला एक मुलगी घरून बैलाचा कासरा घेऊन आली. शंभर फुटांच्या आसपास लांबीचा प्राणी काढायचा होता. डोकं हापशापाशी सुरू केलं, मान झाली, पोट झालं, पाय झाले आणि शेपूट अर्ध्यात असतानाच फाटक आलं. पोरं माझ्याकडे बघायला लागली. मी म्हणाले, “वळवा. शेपूट भिंतीच्या कडेनं वळवून घ्या. जागा नाही.” त्यांनी वळवलं. तिसरीतली कासरेवाली मुलगी तेवढी पुटपुटली, “खरं असं नसंल वळत.” मी ऐकून न ऐकल्यासारखं केलं.

हे डायनासोर मला कुठून मिळाले, ते सांगायला हवं. मी चौथीत असताना आमच्या गुरुजींना विचारलं होतं, “माणसं नव्हती तेव्हा इथं कोण राहत होतं?” ते म्हणाले, “मला नीट माहीत नाही. बघतो.” मोठ्या माणसाच्या तोंडून ‘मला माहीत नाही’ मी पहिल्यांदाच ऐकलं. पुढच्या सोमवारी ते परभणीहून एक जुनं पुस्तक घेऊन आले. पुठ्ठा निघालेला, काही पानं गायब. त्यात डायनासोर होते. एका पानावर एक फोटो होता: उन्हात गुडघ्यावर बसलेली माणसं, जमिनीतून अर्धं वर आलेलं हाड आणि त्यातल्या एकाच्या हातात कागद-पेन्सिल. गुरुजी म्हणाले होते, “हाड उचलण्याआधी ते जसं पडलंय तसं काढून ठेवतात. एकदा उचललं की परत विचारता येत नाही.” ते पुस्तक त्यांनी मलाच देऊन टाकलं. आमच्या पाठ्यपुस्तकात त्यातलं एक अक्षर नव्हतं. मी पुढं शिकले त्याची सुरुवात त्या फाटक्या पुस्तकापासून झाली.

म्हणून मीही माझ्या मुलांना तेच शिकवलं: आधी चित्र, मग हात. त्यांनी त्याचं गाणंच केलं. खिचडीच्या रांगेतसुद्धा ओरडायची, “आधी चित्र, मग हात!”

एक गोष्ट मात्र मी सांगायला विसरले. आपल्या पायाखालचा, विहिरीत लागतो तो काळा दगड म्हणजे थिजलेला लाव्हारस आहे, आणि शेवटचे डायनासोर जगत होते त्याच काळातला आहे, हे मी सांगितलं. पोरं विहिरीत वाकून वाकून बघून आली. पण वरची माती त्याच्या कितीतरी नंतरची, त्यामुळे आपल्या शेतात डायनासोरचं हाड सापडणार नाही, हे मी सांगितलं नाही. मला ते इतकं उघड वाटत होतं की सांगायचं राहून गेलं. पुढचं सगळं या एका राहिलेल्या वाक्यातून झालं.

पोळा होऊन आठ-दहा दिवस झाले होते. सोमवारी मी फाटकातून आत आले तर व्हरांड्यात पोरांचा गराडा. मध्ये युरियाच्या रिकाम्या पोत्यावर हाडं मांडलेली. कवटी, बरगड्या, पाठीचे मणके, लांब लांब पाय. पायाच्या टोकाला एक वाकडं, पोकळ, काळपट टोक लावलेलं.

“म्याडम, डायनासोर!” कासरेवाली म्हणाली. तिच्या कोपरापर्यंत माती होती. “नालीच्या कडंला सापडला. जेसीबीनं धुरा खरवडला ना, तिथं पांढरं दिसायलं होतं. आम्ही काल दिवसभर उकरलं. ही बघा नखी.”

ती नखी नव्हती. ते शिंग होतं, कवटीवरून सुटून आलेलं. मी गावातली आहे. शिंग दिसलं तसा मला बैल कळला. आधी हसू फुटलं आणि लगेच विरलं. धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर, हाडं असतात ती आपोआप आलेली नसतात. कुणीतरी ती ठेवलेली असतात.

कुणी ठेवली होती ते विचारण्याआधीच ते फाटकात उभे होते. शाळेला लागून ज्यांचं शेत आहे ते म्हातारे शेतकरी. मुलं त्यांना आबा म्हणतात. ते आत आले नाहीत. चपला काढून फाटकाबाहेरच उभे राहिले आणि व्हरांड्याकडे बघत राहिले.

“म्याडम,” ते म्हणाले, “माझं जनावर मी मातीला दिलं होतं. मातीनं ठिवून घेतलं होतं. तुमच्या पोरायनं परत काढून आणलं.”

त्यांनी बैलाचं नाव घेतलं. माणसांची नावं इथं लिहायची नाहीत असं ठरवलंय, म्हणून त्याचंही लिहीत नाही. चौदा वर्षं त्यानं आबांचं शेत ओढलं होतं. गेला तेव्हा आबांनी खड्ड्यात मिठाचं पोतं ओतलं, अंगावर नवं धोतर घातलं आणि माणसासारखं पुरलं. दर पोळ्याला त्या जागेवरच्या बाभळीखाली ते पुरणपोळीचा निवद ठेवायचे. मुलांना निवद माहीत होता. तो कुणासाठी असतो हे माहीत नव्हतं.

मी त्यांच्या पाया पडले. “चूक माझी आहे आबा. पोरांना मी नीट सांगितलं नाही.” ते चपला हातात घेऊन तसेच निघून गेले.

मंगळवारी शाळा व्यवस्थापन समितीची बैठक बसली. अध्यक्षांचं शाळेच्या फाटकासमोर किराणा दुकान आहे. कपाळावर भस्माचे तीन पट्टे, गळ्यात लिंगाची डबी, बोलणं रोखठोक. सगळं गाव त्यांना अप्पा म्हणतं. माणूस वाईट नाही. शाळेचा पंखा बंद पडला तर स्वतः स्टूल घेऊन येतो. पण त्या दिवशी ते तापलेले होते.

“म्याडम, आमी पोरं शाळेत कशाला घातली? अ आ ई शिकायला का मढे उकरायला?”

“अप्पा, त्यांना वाटलं...”

“वाटंल की. तुमी सांगितलं म्हणून वाटलं. गंगाखेडला कुणाला सांगायची सोय न्हाई राहिली. लोकं म्हनायलेत, तुमच्या शाळंत राक्षस शिकवतेत म्हणं!” मग त्यांची नजर दारातून डोकावणाऱ्या कासरेवालीवर गेली. “काय गं, एवढं मोठं जनावर, दूध देतंय का तुमचं डायनासोर?”

“न्हाई अप्पा. अंडे देतंय.”

“मंग आमलेट तरी शिकवा म्हणावं!”

सगळे हसले. मीसुद्धा हसले असते, पण तेवढ्यात हेडसरांनी तो कागद माझ्यापुढं सरकवला. बैठकीच्या आधीच टाइप करून आणलेला होता. पहिल्या दोन ओळींत माफी, तिसऱ्या ओळीत ते वाक्य, चौथ्यात ‘असे पुन्हा घडल्यास होणाऱ्या कारवाईस मी जबाबदार राहीन’.

हेडसर हळूच म्हणाले, “सही करा मॅडम. विषय मिटवा. मला वर शेरा पाठवायचाय तुमचा. चार महिने राहिलेत. कशाला हट्ट?”

पेन त्यांनी टोपण काढून दिलं होतं. खोटं कशाला बोलू, मी ते हातात घेतलं. डोळ्यांपुढं आई होती, प्रमाणपत्र धरायच्या आधी हात धुणारी. मी पहिली ओळ वाचली, दुसरी वाचली. तिसऱ्या ओळीवर थांबले. माझ्या गुरुजींपुढं असा कागद कुणी ठेवला असता आणि त्यांनी सही केली असती, तर मी आज या खुर्चीवर नसते. शेजारच्या शेतात कापूस वेचत असते. कापूस वेचण्यात कमीपणा नाही, आईनं तेही केलंय. पण मला काय व्हायचंय हे ठरवायची संधी मला पुस्तकाबाहेरच्या एका पुस्तकानं दिली. तीच या पोरांना देणार नाही, असं मी माझ्या हातानं लिहून द्यायचं?

“पहिल्या दोन ओळींवर दहा वेळा सही करते,” मी म्हणाले. “तिसरीवर करणार नाही.”

“म्हंजे?” अप्पांनी विचारलं.

“म्हणजे बैल उकरला ती चूक. डायनासोर शिकवला ती चूक नाही. शनिवारचा तास चालू राहील.”

मी पेन परत दिलं. हेडसरांनी पेनाचं टोपण लावलं. “मग मला तसं लिहावं लागेल,” ते म्हणाले. “लिहा सर,” मी म्हणाले. कागद मी तसाच त्यांच्याकडे सरकवला.

पण आबांचं काय, हा प्रश्न तसाच होता. हाडं पोत्यात बांधून मी शाळेच्या कपाटावर ठेवली होती. बुधवारी शाळा सुटल्यावर मी त्यांच्या घरी गेले. ते ओसरीवर दोर वळत बसले होते. मी म्हणाले, “आबा, आम्हाला ती परत ठेवू द्या. तुम्ही सांगाल तशी.”

“कशी ठिवताल?” ते वर न बघता म्हणाले. “मी त्याला झोपिवलं होतं. तोंड गावाकडं करून. गोठा दिसावा म्हणून. आता नुसता ढीग झालाय त्याचा.”

मी उठले. दुसऱ्या दिवशी शाळेत मी कासरेवालीला बोलावलं आणि विचारलं, “तुम्ही काढली तेव्हा हाडं कशी होती, आठवतंय का?”

तिनं माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी काहीतरी अगदीच वेडगळ विचारलंय. दप्तरातून गणिताची वही काढली आणि मागच्या बाजूनं उघडली. सहा पानं भरली होती. बाभळीचं झाड, नाली, आणि मध्ये एकेक हाड, जसं होतं तसं. कवटी कुठं, शिंग कवटीच्या किती जवळ, बरगड्या किती, कोणती कुठल्या बाजूला. अंतर वितीत मोजून लिहिलेलं.

“आधी चित्र, मग हात,” ती म्हणाली. “तुमीच म्हणलात.”

“मग पायाला नखी कशी लावलीस? चित्रात शिंग तर डोक्याजवळ आहे.”

तिनं वहीत पाहिलं. जीभ चावली. “म्याडम, मला नखी पाहिजेच होती.”

मोठ्या शास्त्रज्ञांनीही एकदा डायनासोरच्या अंगठ्याचं टोक शिंग समजून नाकावर बसवलं होतं, हे मी तिला सांगितलं. ती जरा सावरली. पण हेही म्हणाले, “त्यांनी पुढं हाडं नीट पाहिली आणि चूक सुधारली. तुलाही सुधारायचीय.”

शुक्रवारी सकाळी आम्ही बाभळीखाली गेलो. मी, सव्वीस मुलं आणि आबा. आबांनी स्वतः कुदळ घेतली, खड्डा साफ केला आणि कडेला बसले. मुलीनं वही उघडून वाचायला सुरुवात केली. “डोकं इथं. तोंड इकडं, गावाकडं.”

आबांनी मान वर केली. “काय म्हणलीस?”

“तोंड गावाकडं होतं आबा. हे बघा. ही बाभळ, हे गाव.” तिनं वही त्यांच्या गुडघ्यावर ठेवली. आबांना वाचता येत नाही. चित्र वाचता आलं. पानावरच्या कवटीपासून गावापर्यंत त्यांनी बोट फिरवलं. मग त्यांनी स्वतः कवटी उचलली आणि ठेवली.

पुढचं सगळं मुलांनी केलं. मणके ओळीनं लावले, पुढचे पाय, मागचे पाय. बरगड्यांपाशी मुलगी म्हणाली, “डाव्या बाजूची ही तिसरी. हिच्यावर गाठ हाय.”

आबांनी ती मागून घेतली. मधोमध हाड जाड झालेलं होतं, मोडून परत जुळल्यासारखं. “विहिरीपशी घसरला होता,” ते म्हणाले. “महिनाभर औताला धरला न्हाई. मला वाटलं हो, नुसतं खरचटलं आसंल.” त्यांनी त्या गाठीवरून अंगठा फिरवला. “मोडलं होतं का रे तुझं.” हे ते आम्हाला म्हणाले नव्हते.

मुलं वाकून ती गाठ बघत होती. हाड काय काय सांगू शकतं, हे मी शनिवारच्या कितीतरी तासांत सांगितलं होतं. त्यातलं सगळं त्या एका बरगडीनं सांगून टाकलं.

माती लोटून झाली. प्रत्येक मुलानं मूठभर मीठ टाकलं. ते त्यांनी घरून आपणहून आणलं होतं. आबा उठले, धोतर झटकलं आणि एवढंच म्हणाले, “अप्पाला सांगतो. माझं मिटलं.”

त्यांचं मिटलं. कागदाचं मिटलं नाही. समितीच्या इतिवृत्तात माझी सही घेण्याचा ठराव लिहिला गेला होता आणि लिहिलेलं कुणाला खोडायचं नव्हतं. हेडसर म्हणाले, “आता तर सोपं झालंय मॅडम, सही करून टाका. शिकवा नंतर काय शिकवायचं ते, कोण बघतंय?” हे त्यांनी माझ्या भल्यासाठीच सुचवलं, हे मला कळतं. पण कुणी बघत नसताना चोरून शिकवण्यासारखं मी काय शिकवते? मी कोरा कागद घेतला आणि माझ्या अक्षरात लिहिलं: ‘मुलांनी बैलाची हाडे उकरली, कारण मी त्यांना पूर्ण माहिती दिली नव्हती. ही चूक माझी आहे आणि तिच्याबद्दल मी त्या शेतकऱ्याची माफी मागितली आहे. डायनासोरबद्दल शिकवणे चालू आहे आणि चालू राहील.’ त्याखाली सही केली, तारीख टाकली आणि तो कागद त्या चार ओळींच्या कागदाला टाचणीनं जोडला. दोन्ही कपाटात आहेत. शेरा काय गेलाय, मला सांगितलेलं नाही. माझी तीन वर्षं पुरी व्हायला आता तीन आठवडे राहिलेत. आईला सगळं सांगितलंय. ती म्हणाली, “गेली तर गेली. शिकलेलं तर न्हाई ना काढून घेत कुणी.”

मागच्या शनिवारी मैदान कोरडं ठाक होतं. मी फक्कीची पिशवी काढली. मुलांनी न सांगता कासरा आणला. डोकं हापशापाशी, मान, पोट, पाय. यावेळी एकाही पोरानं वशिंड काढलं नाही. शेपूट अर्ध्यात असताना फाटक आलं आणि सगळे थांबले. कासरेवालीनं फक्कीची पिशवी हातात धरून माझ्याकडे पाहिलं.

“शेपूट वळवायचं नाही,” मी म्हणाले. “फाटक उघडा.”

फाटक उघडलं. पांढरी रेघ शाळेच्या बाहेर पडली, रस्ता ओलांडून पलीकडं गेली. रस्त्यावरच्या दोन मोटारसायकली थांबल्या. हेडसर व्हरांड्यातून बघत होते. त्यांनी हाक मारली नाही. रेघ थेट दुकानाच्या पायरीपर्यंत पोचली. अप्पा स्टुलावर बसले होते.

“ए, ए! माझ्या दारात कशाला आणायलात ते?”

मुलगी वाकलेलीच होती. तिनं मान वर केली.

“अप्पा, पाय घ्या जरा वर. अजून चार फूट हाय.”

अप्पांनी माझ्याकडे पाहिलं. मी कासऱ्याचं टोक धरून रस्त्याच्या मधोमध उभी होते आणि सोडणार नव्हते. ते काहीतरी पुटपुटले. मग त्यांनी पाय वर घेतले.